रतीब आणि जत्रा

संपादकांनी पत्रात ‘तटस्थपणे लिहा’ या शब्दांखाली रेघ मारून पाठवली आहे. अमेरिकन माणसाला फुटबॉल जास्त ओढतो की बेसबॉल, याचा गेल्या काही दशकांचा आढावा त्यांना हवाय. आढावा देतो, तटस्थपणाचं मात्र जमणार नाही. १९७४ पासून मी डेट्रॉइटच्या परिसरात राहतो. मोटारींच्या कारखान्यात नोकरी झाली, निवृत्तीलाही बरीच वर्षं लोटली, आणि एवढ्या काळात बेसबॉलच्या बाजूने मी इतक्यांशी भांडलोय की आता पंचाचा कोट घातला तर लोक हसतील.

आकड्यांचा निकाल आधीच सांगून टाकतो, त्यात रहस्य काही नाही. गॅलपच्या पाहणीत १९४८ साली ३९ टक्के लोकांनी बघायला आवडणारा खेळ म्हणून बेसबॉलचं नाव घेतलं होतं. फुटबॉलचं १७ टक्क्यांनी. १९७२ साली फुटबॉल पुढे गेला तो गेलाच. २०२३ मध्ये फुटबॉल ४१, बेसबॉल १०. त्याच वर्षी अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर टीव्ही प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे, सामने होते. वाद मिटला, असं कोणीही म्हणेल. पण याच देशात २०२४ च्या हंगामात बेसबॉलच्या मैदानांवर सात कोटींहून अधिक प्रेक्षकांची नोंद झाली, आणि एनएफएलच्या मैदानांवर दोन कोटींच्या आत. तिथे प्रत्येक संघाचे १६२ सामने आणि इथे १७, मग दुसरं काय होणार, असा आक्षेप कोणी घेईल. जरूर घ्यावा. माझा सगळा मुद्दा त्या आक्षेपातच आहे.

आमच्या मराठी मंडळींत एक समीकरण फार लाडकं आहे: बेसबॉल म्हणजे कसोटी, फुटबॉल म्हणजे ट्वेंटी-ट्वेंटी. एका दिवाळी अंकातही मी ते छापलेलं वाचलंय. हे मांडणाऱ्यांनी दोन्ही खेळ टीव्हीच्या दुकानाबाहेर उभं राहून पाहिले असावेत. फुटबॉलचा सामना तीन तासांहून जास्त चालतो, घड्याळ साठ मिनिटांचं असतं, आणि चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम अकरा मिनिटं. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०१० साली हे चक्क मोजून काढलं होतं. उरलेल्या वेळात खेळाडू कोंडाळं करून उभे, पंच जागा मोजतायत आणि आपण पिकअप ट्रकच्या जाहिराती बघतोय. बेसबॉल संथ म्हणून मागे पडला, हे म्हणणं मला त्यामुळे कधीच पटलेलं नाही.

फरक वेगाचा नाही, पंचांगाचा आहे. बेसबॉल हा रतीब आहे. एप्रिलपासून सप्टेंबरअखेर जवळजवळ रोज दारात येतो. एखाद्या दिवशी दूध पातळ निघालं म्हणून कोणी छाती पिटत नाही. उद्या पुन्हा येणारच असतं. आमच्या टायगर्स संघाने १९८४ साली पहिल्या ४० पैकी ३५ सामने जिंकले आणि शेवटी वर्ल्ड सिरीजही मारली. तो संघसुद्धा त्या हंगामात ५८ सामने हरला. जो खेळ सर्वांत चांगल्या संघाला ५८ वेळा हरवतो, तो बघणाऱ्याला हळूहळू शहाणं करतो. फुटबॉल ही जत्रा. आठवड्यातून एकदा भरते, नवस बोलून जायचं, अंगाला रंग फासायचा, आणि हरलो की सोमवारी कारखान्यात सुतक. डेट्रॉइटचा फुटबॉल संघ लायन्स हरल्यानंतरच्या सोमवारी आमच्या विभागात कोणी रजेचा अर्ज पुढे करत नसे. आणि लायन्स बहुतेक हरतच.

आता १९५८ ते १९७० हा टप्पा. हा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून भराभर उरकतो. डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम, बाल्टिमोर कोल्ट्सनी न्यूयॉर्क जायंट्सना जादा वेळेत २३-१७ असं हरवलं आणि टीव्हीसमोर बसलेल्या देशाला हा खेळ दिसला. १९६० मध्ये पीट रोझेल एनएफएलचे आयुक्त झाले. १९६१ च्या कायद्याने सगळ्या संघांचे टीव्हीहक्क एकगठ्ठा विकायला मुभा दिली, पैसा सारखा वाटला जाऊ लागला. म्हणूनच ग्रीन बे नावाचं लहानसं गाव न्यूयॉर्कच्या खांद्याला खांदा लावून उभं राहू शकलं. १९६७ मध्ये पहिला सुपर बोल, १९७० पासून सोमवार रात्रीचा सामना. बेसबॉलच्या मालकांनी मात्र आपापल्या गावचे हक्क आपापल्या खिशात ठेवले. झालं. विद्वान लोक यावर चारशे पानी ग्रंथ लिहितात, मला एवढंच पुरतं.

मला बोलायचंय ते रेडिओबद्दल.

माझं लहानपण पुण्यात गेलं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत, वहीत धावा मांडत मी क्रिकेट शिकलो. प्रत्यक्ष मैदान बऱ्याच नंतर पाहिलं. डेट्रॉइटला आलो तेव्हा भाड्याच्या खोलीत टीव्ही नव्हता, एक जुना रेडिओ घरमालकीणबाईंनी ठेवला होता. त्याचा काटा ७६० वर. डब्ल्यूजेआर, पन्नास हजार वॉटचं स्टेशन. तिथे मला टायगर्सचे समालोचक अर्नी हारवेल भेटले.

मूळचे जॉर्जियाचे. आवाज दक्षिणेतला, सावकाश, गूळ घातल्यासारखा. १९४८ साली ब्रुकलिनच्या संघाला समालोचक हवा होता, तर अटलांटाच्या मालकाने हारवेल देऊन बदल्यात एक कॅचर मागून घेतला. खेळाडूच्या बदल्यात समालोचक गेल्याचं दुसरं उदाहरण नाही. दर वसंतात पहिल्या प्रक्षेपणाला ते बायबलमधल्या ‘गीतरत्ना’तला थंडी सरल्याचा उतारा म्हणत. तो ऐकला की बाहेर बर्फ असलं तरी आमच्या घरी उन्हाळा लागे. प्रेक्षकांत उडालेला चेंडू कोणी झेलला की ते सांगत, हा चेंडू आता इप्सिलँटीच्या गृहस्थांकडे चालला. पुढचा फ्लिंटच्या, त्यापुढचा सॅगिनॉच्या. मी भाबडेपणाने पहिलं वर्षभर समजत होतो की या माणसाला सगळा मिशिगन नावागावासकट ठाऊक आहे. गावं ते मनाने ठोकून देत, हे कळल्यावर मला फसल्याचं वाईट वाटण्याऐवजी त्यांच्याबद्दलचा आदर दुणावला.

लग्न होऊन सौ. सांगलीहून आली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, इंग्रजीही बेताचंच. पण महिन्याभरात संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक येऊ लागली, “हारवेलबुवांचं सुरू झालं का हो? मग कणीक मळायला घेते.” तिने त्यांना बुवा केलं ते उगाच नाही. कीर्तनात जसं आख्यान चालू असताना बुवा मध्येच चार ओळींचा दृष्टांत देऊन पुन्हा मूळपदावर येतात, तसं त्यांचं असे. दोन चेंडूंमधल्या रिकाम्या जागेत १९५० चा एखादा किस्सा, पिचरच्या आईची तब्येत, मग एकदम बॅटचा टणत्कार. ती रिकामी जागा हाच बेसबॉल आहे. फुटबॉल ऐकता येत नाही. बावीस माणसं एकदम धडकतात, ते शब्दांत सांगेपर्यंत दुसरी धडक होते. त्याला चित्रच हवं.

याच रिकाम्या जागेत माझी स्कोअरची वही चाले. ही मांडणी ज्याने रूढ केली तो हेन्री चॅडविक मुळात इंग्लंडात जन्मलेला, न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा. स्ट्राइकआउटसाठी ‘के’ हे अक्षर त्याचंच. बॅटर बॅट न फिरवताच बाद झाला तर ‘के’ उलटा काढायचा. अशा सदतीस वह्या माळ्यावर आहेत. फुटबॉलप्रेमी मित्र विचारतात, त्यांचं करणार काय. त्यांच्या फँटसी लीगचं ते काय करतात, हे मी विचारत नाही. बाय द वे, ते खूळसुद्धा १९८० पासून देशभर पसरवलं बेसबॉलवाल्यांनीच.

एका माणसाला हे दोन्ही खेळ एकदम विचारते झाले होते. कर्क गिब्सन. मिशिगन स्टेटचा अव्वल फुटबॉलपटू. १९७८ मध्ये टायगर्सनी घेतला, १९७९ मध्ये एनएफएलनेही निवडला. तो बेसबॉलला राहिला. १९८४ च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात त्याने दोन होमरन मारले तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभा होतो, का ते आता आठवत नाही. चार वर्षांनी तो लॉस एंजेलिसकडून, दोन्ही पाय दुखावलेले असताना, लंगडत आला आणि नवव्या इनिंगमध्ये सामना जिंकून देणारा फटका मारून गेला. टीव्हीवर विन स्कली होते. चेंडू गेला एवढं सांगून ते मिनिटाहून अधिक काळ गप्प बसले, प्रेक्षकांना बोलू दिलं. आता कायलर मरे बघा. २०१८ मध्ये ऑकलंडने बेसबॉलसाठी नवव्या क्रमांकावर निवडला, २०१९ मध्ये तो फुटबॉलमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. चाळीस वर्षांत काटा कुठून कुठे सरकला, त्याला पाहणी कशाला हवी?

फुटबॉलवर मी सूड उगवतोय असं वाटू नये. मुलगा अॅन आर्बरला शिकत होता. तिथल्या स्टेडियमात लाखाहून अधिक माणसं बसतात. शनिवारी सकाळपासून पार्किंगमध्ये शेगड्या पेटतात, कोणीही कोणाच्याही ताटात वाढतो. सौ.चे बटाटेवडे तिथे ज्या वेगाने संपले, तसे कुठल्याही महाराष्ट्र मंडळात संपले नाहीत. ही ओढ खोटी म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पहिल्या पिढीच्या परक्या माणसाला जत्रेत शिरणं सोपं असतं. रतीब लागायला वर्षं जातात. फक्त त्या धडकांखाली मेंदूंचं काय होतं हे डॉ. बेनेट ओमालू यांनी फुटबॉलपटू माइक वेब्स्टरच्या शवविच्छेदनातून दाखवलं, त्यानंतर मला तो आवाज पूर्वीसारखा ऐकवत नाही.

बेसबॉलनेही स्वतःच्या पायावर कमी धोंडे पाडले नाहीत. १९९४ चा संप, वर्ल्ड सिरीजच रद्द. मग ताकदीच्या औषधांचा तमाशा. १९७१ पासून वर्ल्ड सिरीज रात्री न्यायला सुरुवात झाली, १९८७ नंतर दिवसा झालीच नाही; म्हणजे शाळेतल्या पोरांना खेळ लागावा अशा वयात ती झोपलेली. २०२३ मध्ये पिचरला घड्याळ लावलं. माझ्या वयाचे सगळे त्यावर चिडले. मी नाही. पिचरने टोपी चाचपत उभं राहणं ही ती रिकामी जागा नव्हे. सामना पुन्हा दोन तास चाळीस मिनिटांवर आला, आमच्या वेळी साधारण एवढाच असे. मला राग आहे तो दर इनिंगला कानात ओरडणाऱ्या सट्ट्याच्या जाहिरातींचा. हारवेलांचा दृष्टांत जिथे असायचा, तिथे आता पुढच्या चेंडूवरचा भाव असतो.

एप्रिल २०२४ मध्ये डेट्रॉइटला एनएफएलचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, झाला. नातू घेऊन गेला. मंचावर कोट घातलेला एक गृहस्थ येऊन नाव वाचतो, कॉलेजचा पोरगा येऊन टोपी घालतो. तीन दिवसांत पावणेआठ लाख माणसं! एकही चेंडू न टाकता. नातू आनंदाने रडत होता. मी त्याला सांगितलं की लायन्सचा थँक्सगिव्हिंगचा सामना, ज्याची एवढी परंपरा म्हणतात, तो १९३४ साली देशभर पोचला रेडिओवरून, आणि संघाचा तेव्हाचा मालकच डब्ल्यूजेआरचाही मालक होता. “आजोबा, नंतर,” तो म्हणाला.

सप्टेंबर १९९९ मध्ये जुनं टायगर स्टेडियम बंद झालं, पुढे पाडलं. हारवेलांनी २००२ मध्ये माइक खाली ठेवला. २०१० मध्ये ते गेले, तेव्हा नव्या मैदानात त्यांचं दर्शन ठेवलं होतं. आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. पुढच्या गृहस्थांना सौ.ने विचारलं, कुठून आलात? ते म्हणाले, इप्सिलँटी.

सामने केव्हाच दुसऱ्या स्टेशनवर गेले, मीही आता फोनवर ऐकतो. घरमालकीणबाईंनी जाताना दिलेला तो रेडिओ ओट्याशेजारी आहे. ७६० वर दिवसभर कोणी ना कोणी राजकारणावर तावातावाने बोलत असतं. सौ. आवाज बारीक करते, पण काटा कोणाला हलवू देत नाही.