टचडाउन, ढोल आणि अणुभट्टी!

माहीत आहे का, माणसानं बांधलेली जगातली पहिली अणुभट्टी कुठे सुरू झाली? चक्क फुटबॉल स्टेडियमच्या स्टँडखाली! पत्ता लिहून घ्या: स्टॅग फील्ड, शिकागो विद्यापीठ. आणि या विद्यापीठाच्या फुटबॉल टीमच्या पोतडीतला हा फक्त एक किस्सा. बाकीचे ऐकाल तर शिट्टी वाजवाल!

आधीच सांगून ठेवते, हा मेस्सीवाला फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालायचं, लांबुडका चेंडू काखेत मारायचा आणि धडका देत सुटायचं, तो हा अमेरिकन फुटबॉल.

१८९२ मध्ये विद्यापीठाचे वर्ग भरले आणि त्याच वर्षी टीमही मैदानात! पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी कोच म्हणून आणला येलमधला आपलाच विद्यार्थी, ॲमॉस अलोन्झो स्टॅग. सोबत प्राध्यापकाची पक्की नोकरी! स्टॅगसाहेबांनी खुर्ची अशी पकडली की सलग ४१ सीझन सोडली नाही.

सत्तरीत निवृत्त केलं, तर गप्प बसले? छे! कॅलिफोर्नियात ‘कॉलेज ऑफ द पॅसिफिक’मध्ये नवी टीम धरली आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, ‘कोच ऑफ द इयर’ झाले! आयुष्याचीही सेंच्युरी ठोकली. गेले तेव्हा वय होतं १०२.

बोनस: बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना १८९२ मध्ये झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. शिक्षक ५-१ असे आपटले. त्यांचा तो एकुलता एक गुण कुणाचा? स्टॅगचाच!

आता १९०५. मिशिगनची टीम ५६ सामने हरलेलीच नव्हती. शिकागोनं तिला लोळवलं, स्कोअर २-०! इतका किरकोळ? हो, कारण एकही टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेणं, न होता सामना संपला. चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे आडवं केलं की ‘सेफ्टी’चे दोन गुण मिळतात. मिशिगनची सेफ्टी त्या दोन गुणांत गेली!

पण मिशिगनचं ‘द व्हिक्टर्स’ हे गाजलेलं विजयगीत कुणाला हरवल्यावर सुचलं, माहीत आहे का? शिकागोलाच! १८९८ मध्ये, १२-११ अशा काठावरच्या विजयानंतर.

शिकागो बेअर्स या प्रो टीमचे फॅन ‘मॉन्स्टर्स ऑफ द मिडवे’ म्हणून मिरवतात ना? ते नाव मूळचं या विद्यापीठाच्या टीमचं. मिडवे म्हणजे कॅम्पसला लागून असलेला बागेचा लांब पट्टा. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात जगातलं पहिलं फेरिस व्हील इथंच फिरलं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांनी शिकागो जिंकलं!

कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा पुरस्कार म्हणजे हाइजमन ट्रॉफी. १९३५ मध्ये ती पहिल्यांदा दिली गेली ती शिकागोच्या जे बर्वँगरला. १९३६ मध्ये एनएफएल या प्रो लीगचा पहिलावहिला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेज खेळाडूंची निवड, झाला, त्यातही पहिलं नाव याचंच. आणि पठ्ठ्या प्रो फुटबॉल खेळलाच नाही! पैशांचं जमलं नाही, गडी नोकरीला लागला. ट्रॉफी? ती मावशीच्या घरी. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मावशी ती दाराला लावायच्या!

याच बर्वँगरला १९३४ मध्ये अडवताना मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली. व्रण राहिला. तो खेळाडू पुढे व्हाइट हाउसमध्ये पोचला. नाव, जेराल्ड फोर्ड!

मग मात्र ग्राफ घसरला. १९३९ मध्ये हार्वर्डकडून ६१-० आणि ओहायो स्टेटकडूनही ६१-०. मिशिगननं तर ८५-० असा धुव्वा उडवला. आणि मिशिगनचा कोच कोण? फ्रिट्झ क्रिसलर, स्टॅगच्या हाताखाली शिकागोकडूनच खेळलेला!

अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांनी त्याच डिसेंबरमध्ये फुटबॉलच बंद केला. ‘बिग टेन’ या कॉलेज लीगचं संस्थापक सदस्यत्व आणि सात विजेतेपदं खिशात असताना! विद्यार्थ्यांनी परीक्षेत पास व्हावं, मैदानावरच्या पासचं नंतर बघू, असा त्यांचा खाक्या. मला विचाराल तर अशी छाती फार थोड्या कुलगुरूंना असते.

मैदान रिकामं झालं आणि तिथं विज्ञान घुसलं. २ डिसेंबर १९४२. पश्चिमेच्या स्टँडखालचं जुनं कोर्ट, तिथं रचलेले ग्रॅफाइटचे ठोकळे, आत युरेनियम, सूत्रधार एन्रिको फर्मी. साखळी प्रक्रिया सुरू झाली! पॉवर किती मिळाली? अर्धा वॅट. झिरोचा बल्बसुद्धा लागायचा नाही! पण जग बदललं ते त्या अर्ध्या वॅटनं. सेलिब्रेशन? इटालियन कियांटी वाइन, कागदी कपांतून!

याचा फटका बसला एका ढोलाला. खरंच! १९२२ मध्ये बँडसाठी बनवलेला ‘बिग बर्था’, व्यास तब्बल आठ फूट. फुटबॉल बंद झाल्यावर तो स्टँडखाली पडून राहिला आणि शेजारच्या प्रयोगांमुळे किरणोत्सर्गी झाला! पुढे तो साफसूफ करून टेक्सास विद्यापीठात गेला आणि तिथं अनेक वर्षं धडाडला.

स्टॅग फील्डच्या जागी आज काय आहे? रेगनस्टाइन लायब्ररी!

फुटबॉल परतला, पण सहज नाही. १९६३ मध्ये पुन्हा सामना ठेवला, तर विद्यार्थ्यांनीच मैदानाच्या मधोमध ठिय्या दिला. फुटबॉल नको म्हणून! अखेर १९६९ मध्ये विद्यापीठाची अधिकृत टीम पुन्हा उतरली. आता ती डिव्हिजन थ्रीमध्ये खेळते, जिथं खेळासाठी स्कॉलरशिपचा एक डॉलरही मिळत नाही. म्हणजे मंडळी अभ्यास सांभाळून, निव्वळ हौसेनं अंगावर धडका घेतात. आहे की नाही कमाल?

शिकागोला जाणार असाल तर कॅम्पसवरचं रॅटनर ॲथलेटिक्स सेंटर चुकवू नका. मावशींची ती ट्रॉफी तिथं आहे. सेल्फी तो बनता है!