सोडलेल्यांची बिले

‘अजिबात दारू न घेणाऱ्यांचा दवाखान्याचा खर्च थोडी घेणाऱ्यांपेक्षा जास्त, असे वाचले. मग थोडी घेतलेली बरी का?’ एका वाचकाचा हा प्रश्न. असे आकडे खरोखर निघतात. गोम आहे ती ‘न घेणारे’ या शब्दात.

ती उघड केली जेराल्ड शेपर यांनी. ब्रिटनमधल्या 24 शहरांतल्या 7,735 मध्यमवयीन पुरुषांच्या तब्येतीची ते वर्षानुवर्षे नोंद ठेवत होते. थोडी पिणाऱ्यांपेक्षा न पिणाऱ्यांत मृत्यू जास्त, हे त्यांनाही दिसले. पण त्यांनी न पिणाऱ्यांची जुनी चौकशी केली, तर त्यांतले बरेच जण एके काळी पिणारे निघाले! दुखणे जडले, गोळ्या सुरू झाल्या, म्हणून सोडलेले. 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आले. चारच वर्षांनी त्याच नियतकालिकात फ्रेंचांच्या वाइनचे गुणगान आले आणि ते जगभर गाजले. शेपर यांचे नाव मात्र आजही फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

खर्चाचेही तसेच. दारूने यकृत बिघडलेल्याने ती सोडली, की त्याचे बिल न पिणाऱ्यांच्या खाती पडते.

आणि शेपर यांचे ते 7,735 सगळे पुरुष होते. बायकांचा हिशेब निराळा. आपल्याकडे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 वर्षांवरील सुमारे 19 टक्के पुरुष पिणारे होते, बायका जेमतेम 1 टक्का. म्हणजे ‘न पिणारी’ बाई बहुधा जन्मात न प्यायलेली. ‘न पिणारा’ पुरुष कदाचित सोडलेला. शिवाय गरोदरपण, बाळंतपण यांचा खर्च बाईच्या खाती पडतोच, ती पिवो न पिवो.

शरीरही वेगळे. मद्य मुख्यतः अंगातल्या पाण्यात पसरते आणि बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी. आमटी कमी असताना मीठ तेवढेच घातले तर काय होते, हे स्वयंपाकघरात कुणाला सांगायला नको. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी 1932 मध्ये मद्य शरीराच्या किती हिश्शात पसरते, याचे आकडेच दिले: पुरुषांना 0.68, बायकांना 0.55. म्हणून वजन सारखे आणि पेला सारखा असला, तरी तिच्या रक्तात मद्य जास्त चढते. तिचे यकृत कमी वर्षांत खराब होते आणि थोड्या दारूनेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

तेव्हा वाचकहो, थोडीही घेतलेली बरी नाही. आणि असा आकडा पुन्हा दिसला, तर सोडलेल्यांना कोणत्या रकान्यात घातले आहे आणि बायका-पुरुष वेगळे मोजले आहेत का, तेवढे आधी पाहा.