म्हातारपणी रक्त कमी असायचेच?

"आता वय झालं की डॉक्टर, रगात कुठनं ऱ्हायचं?" पन्हाळा तालुक्यातील सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी माझ्यासमोर बसून म्हणाले. गोठ्यातून घरात येईपर्यंत त्यांना धाप लागत होती. पायांवर सूज, पापणीची आतली बाजू पांढरीफटक. हिमोग्लोबिन निघाले ६.८. दोन महिने टॉनिक चालूच होते. सोबतच्या मुलाचे म्हणणे एकच, "एक बाटली रक्त चढवा, तरतरी येईल."

वाचकहो, केस पिकणे हे वयाचे लक्षण आहे, रक्त कमी होणे नव्हे. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेले की रक्तक्षय, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आम्ही डॉक्टर वृद्धांनाही लावतो. रक्त कमी का झाले, हे शोधल्याशिवाय उपचार पुरा होत नाही.

आबांना विचारले, गुडघ्यासाठी काय घेता? खिशातून वेदनाशामक गोळ्यांची पट्टी निघाली. दोन वर्षे मेडिकलमधून परस्पर आणलेली, तीही उपाशीपोटी. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, पण सांगायची लाज वाटली. दुर्बिणीने पाहिले तर जठरात व्रण! रोज थोडे थोडे रक्त गळत होते. त्यांना एक पिशवी रक्त द्यावे लागले, पण दाखल करून, अगदी सावकाश. वृद्धांच्या हृदयाला घाईने चढवलेले रक्त झेपत नाही, फुप्फुसात पाणी साठते. शिवाय तपासणीचे नमुने रक्त चढवण्यापूर्वीच घ्यावे लागतात, नंतर निदान धूसर होते.

माझी एक चूकही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांना मी लोहाच्या गोळ्या दिल्या. हिमोग्लोबिन वाढले, गुरुजी खूश, मीही खूश. पुढे काही तपासले नाही. आठ महिन्यांनी ते पोटातली गाठ घेऊन आले. मोठ्या आतड्याचा कर्करोग होता, आणि तो तोवर यकृतापर्यंत गेला होता. लोहाने रक्त भरत होते आणि गाठ आत वाढत होती. तेव्हापासून वृद्धाच्या रक्तात लोह कमी दिसले की जठराची आणि मोठ्या आतड्याची तपासणी सुचवल्याशिवाय मी राहत नाही. मूळव्याध आहे म्हणून तिच्यावर सगळे ढकलून मोकळेही होऊ नये.

लोह कमी असले की रक्तपेशी लहान दिसतात. पेशी मोठ्या दिसल्या तर बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची शंका घ्यावी. फॉलिक अ‍ॅसिडच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतली. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये येथे आल्या. गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच फॉलिक अ‍ॅसिड. पण वृद्धांत ही गोळी एकटी, परस्पर घेऊ नये. मूळ कमतरता बी-१२ची असेल तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. शाकाहारी माणसे, वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या घेणारे यांच्या तळपायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर बी-१२ तपासावे. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही रक्त कमी होते, म्हणून क्रिएटिनिन पाहावे.

आपल्याकडे गूळ-शेंगदाण्यावर भारी श्रद्धा. मधुमेह नसेल तर जरूर खा, पण त्याने सहाचे बारा होत नाहीत. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवावी. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड चालते. हिमोग्लोबिन पूर्ववत झाले तरी साठा भरण्यासाठी पुढे तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्यात. या गोळ्यांनीही शौच काळसर होते, त्याने घाबरू नये. पण गोळी सुरू होण्याआधीच ते काळे होत असेल, तर लाज न बाळगता पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावे.