विश्लेषण : हिरा निस्तेज झाला, की त्यावर मुलामा आहे? दुरुस्तीला देण्यापूर्वी काय तपासावे?

सण किंवा लग्नसराई जवळ आली की ठाण्यातील गोखले रोड आणि डोंबिवलीतील फडके रोडवरील सराफी दुकानांत जुने दागिने दुरुस्तीला येतात. कुणाला आजीच्या कुड्या उजळून हव्या असतात, तर कुणाला अंगठी मोठी करून हवी असते. मात्र हिरा मुळात कसा आहे, हे न पाहता तो ज्योतीखाली किंवा तेजाबात गेला, तर दुरुस्तीतच नुकसान होऊ शकते.

हिरा निस्तेज का होतो?

बहुतेक वेळा कारण साधे असते. हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तेल आणि चरबी लगेच चिकटते. कणीक मळताना किंवा क्रीम लावताना अंगठी बोटात असेल, तर खड्याच्या मागे थर साचतो आणि चमक कमी होते. कोमट पाणी, भांडी घासण्याचे सौम्य लिक्विड आणि मऊ ब्रशने तो निघतो. अपवाद जुन्या कुंदनकामाचा. त्यात खड्यामागे चकाकता पातळ पत्रा बसवलेला असतो. आत पाणी शिरल्यास तो काळा पडतो. असे दागिने पाण्यात बुडवू नयेत.

सर्वांत कठीण हिऱ्याला इजा कशी होते?

मोहस मापनश्रेणीत हिऱ्याची कठीणता १० आहे. म्हणजे त्यावर सहज ओरखडा उठत नाही. पण त्याच्या स्फटिकात चार दिशा अशा असतात, की त्या रेषेत फटका बसला तर टवका उडतो. शिवाय हिरा म्हणजे कार्बन. झाळकाम करताना ज्योत थेट लागली, तर त्याचा पृष्ठभाग जळून दुधट होतो. म्हणूनच कारागीर आधी त्यावर बोरिक अ‍ॅसिडचा थर देतात किंवा खडा काढून ठेवतात.

मुलामा कशासाठी देतात?

पिवळसर खडा पांढरा दिसावा म्हणून त्याच्या कडेला जांभळ्या किंवा निळ्या शाईचा ठिपका देण्याची युक्ती जुनी आहे. १९८३ साली न्यूयॉर्कमध्ये लिलावासाठी ठेवलेल्या गुलाबी हिऱ्याच्या जागी नेलपॉलिश लावलेला फिकट पिवळा हिरा ठेवल्याचे उघड झाले होते. आता सिलिकाचा अतिशय पातळ रंगीत थर चढवला जातो. अशा हिऱ्यांबाबत जीआयए संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली अभ्यास प्रसिद्ध केला. ओरखडे, उष्णता आणि काही रसायनांनी हा थर खराब होतो, असे त्यात दिसले.

घरी किंवा दुकानात ओळखता येतो का?

खड्यावर फुंकर मारणे किंवा तो पाण्यात टाकणे, यातून मुलामा कळत नाही. दुकानातला टेस्टरही ‘हिरा’ असेच दाखवतो, कारण थराखाली हिराच असतो. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून मात्र खुणा सापडू शकतात. रंगीत पृष्ठभागावर रंगहीन ओरखडे, पैलूंच्या कडांवर उडालेला रंग किंवा साबणाच्या फुग्यासारखी झाक दिसली, तर शंका घ्यावी. खडा फिरवताना भेगेत नारिंगी-गुलाबी किंवा निळी-हिरवी चमक लखलखली, तर भेगेत काच भरलेली असू शकते. तीही ज्योतीने खराब होते. खात्री प्रयोगशाळेतच होते.

पूर्ववत करता येतो का?

जळालेला थर पॉलिश करून काढता येतो. टवका लहान असेल, तर नवी घडण करताना तो दातऱ्याखाली झाकता येतो. मोठा असेल, तर पैलू पुन्हा पाडावे लागतात आणि वजन घटते. १.०२ कॅरेटचा खडा ०.९८ झाला, तर घट नगण्य वाटते. पण एक कॅरेटची पायरी सुटल्याने भाव त्याहून अधिक उतरतो. परंपरेने त्र्यंबकेश्वरशी जोडला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये आणि नंतर १९४० साली अमेरिकेत पुन्हा पैलू पाडल्यावर तो ४३.३८ कॅरेटचा उरला. मुलामा उडालेल्या हिऱ्याचा तो रंग मात्र पॉलिशने परत येत नाही. थर गेला की खड्याचा मूळ रंग दिसतो.

ग्राहकांनी काय करावे?

• दागिना देताना भिंगातून खडा स्वतः पाहावा, फोटो काढावा.
• पावतीवर वजन, आधीचे टवके आणि करायचे काम लिहून घ्यावे.
• झाळकामापूर्वी खडा काढणार का, हे विचारावे.
• शंका असल्यास आधी मुंबईतील जीआयए किंवा आयजीआयसारख्या प्रयोगशाळेत तपासणी करावी. मुलामा दिलेल्या किंवा भेगा भरलेल्या हिऱ्याला जीआयए प्रतवारी देत नाही.
• प्रमाणपत्र असल्यास खड्याच्या कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक जुळतो का, ते पाहावे.
• फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्याची मुदत दोन वर्षे आहे. त्यासाठी पावती जपून ठेवावी.