गाढीचं पाणी आणि ओट्यावर बांधलेला कुत्रा

माथेरानच्या डोंगरात पडलेला पाऊस गाढी नदी पनवेलात आणून सोडते. वाटेत देहरंगचं धरण आहे, पण त्याचा जीव लहान. भर पावसाळ्यात ते भरून वाहायला लागलं की पुढचं सगळं पाणी शहराकडे. त्याच वेळी खाडीला उधाण असेल तर नदीला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि पटेल मोहल्ला, कच्छी मोहल्ला अशा सखल वस्त्यांमध्ये सामान माळ्यावर चढवायची घाई सुरू होते. गॅसची टाकी, तांदळाचा डबा, रेशनकार्ड, पोरांची दप्तरं. या घाईत कुणीतरी विचारतं, “आणि टायगरचं काय?” उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : “त्याला ओट्यावर बांध, तो कुठे जातोय?”

तो कुठेही जाऊ शकत नाही, अडचण तीच आहे. पाळीव जनावरं आणि आपत्ती याबद्दल आपल्याकडे जे समज आहेत, त्यात सगळ्यात जास्त जीव घेणारा हाच.

“बांधून ठेवलं की सुरक्षित”

ओट्याच्या खांबाला चार फुटी साखळी आणि तिच्या टोकाला कुत्रा. पाणी ओट्यावर चढलं की तो उभा राहतो, मग पाय सुटले की पोहायला लागतो. साखळी ताणली जाईपर्यंत तो पाण्याबरोबर वर येतो. त्यानंतर पाणी वर जातं, तो जात नाही. प्रवाह असेल तर साखळी त्याआधीच खांबाभोवती गुंडाळली जाते. कुत्रा पोहण्यात कितीही पटाईत असला तरी या हिशेबात फरक पडत नाही. केरळात 2018 च्या महापुरात बोटीतून फिरणाऱ्या स्वयंसेवकांना साखळीला अडकलेली आणि पिंजऱ्यात कोंडलेली कुत्री सापडत होती. शेवटी लोकांना आवाहन करावं लागलं की सोबत नेणं जमत नसेल तर निदान मोकळं सोडा.

गोठ्याची गोष्ट वेगळी नाही. गाय, म्हैस चांगली पोहते. तिला बुडवतं ते दावं. पाणी गोठ्यात शिरायच्या आधी गुरं उंचावर नेणं हा खरा उपाय. ते नाहीच जमलं तर दावी सोडायची, गोठ्याचं दार उघडं टाकायचं आणि निघायचं. पण गंमत बघा, सुती दोरी भिजली की फुगते आणि तिची गाठ दातांनीही सुटत नाही. अंधारात, कमरेएवढ्या पाण्यात, बिथरलेल्या म्हशीच्या पायाशी वाकून गाठ सोडायला जाणं म्हणजे स्वतःही जाणं. म्हणून जुनी माणसं सुरगाठ मारायची, टोक ओढलं की मोकळी. पावसाळ्याचे चार महिने गोठ्यात सुरगाठच असावी आणि हाताला येईल अशा उंचीवर खोचलेला एक विळा.

कायद्याच्या नजरेतूनही बांधून पळणं निर्दोष नाही. उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर विनाकारण टाकून जाणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. म्हणजे वडापाव आणि चहा. या कायद्याची भीती कुणी बाळगावी असं मी म्हणणार नाही.

“कुत्र्याला पोहता येतंच”

सगळ्यांना नाही. पग, बुलडॉग यांचं नाक चपटं आणि धड जड. डाशहुंडचे पाय वितीएवढे. वसाहतींच्या फ्लॅटमध्ये आज हीच कुत्री पुष्कळ दिसतात. आणि पुराचं पाणी म्हणजे तरणतलाव नव्हे. त्यात वाहून आलेले पत्रे असतात, उघडी गटारं असतात, कुठेतरी वीज उतरलेली असते. पाण्यातून न्यायचंच असेल तर गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीभोवतीचा हार्नेस बरा, ओढताना गळा आवळत नाही. तोंडाला मुसकी बांधून पाण्यात कधीही उतरवू नये.

“जनावरांना आधीच कळतं”

याला थोडा आधार आहे, पण विसंबण्याइतका नाही. इटलीत भूकंपप्रवण भागातल्या एका शेतावर गायी, मेंढ्या आणि कुत्र्यांच्या गळ्यात हालचाल मोजणारी यंत्रं बांधून अभ्यास झाला. भूकंपाच्या काही तास आधी ती अस्वस्थ होतात असं 2020 मध्ये मांडलं गेलं. त्यावर वाद आहेत, आणि त्यातून इशारा देणारी व्यवस्था उभी राहिलेली नाही. आपल्यापुरतं बोलायचं तर माथेरानला ढग किती ओतणार हे तुमच्या कुत्र्याला कळत नाही. भरतीचं वेळापत्रक आणि हवामान खात्याचा रेड अलर्ट त्याच्यापेक्षा जास्त सांगतो. कुत्रा विजेच्या आवाजाने रडत असेल तर तो विजेला घाबरला आहे, एवढाच अर्थ घ्यावा.

“आधी माणसं, मग जनावरं”

हे वाक्य इतकं रास्त वाटतं की त्याला विरोध करणारा माणूस हळवा ठरतो. मीही बराच काळ तेच म्हणायचो. पण प्रत्यक्षात पूर आला की ते उलटं फिरतं. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगा फुगल्या तेव्हा सांगली-कोल्हापुरातली कितीतरी माणसं बोट दारात येऊनही निघेनात, कारण मागे म्हशी होत्या. ज्या म्हशीच्या दुधावर घर चालतं तिला सोडून शाळेच्या वर्गात जाऊन बसायला कोण तयार होईल? जो आधी निघत नाही त्याला नंतर काढावं लागतं, आणि तेव्हा पाणी जास्त असतं, वेळ रात्रीची असते, जवानांचा जीवही पणाला लागतो. काहीजण निघतात आणि जनावरासाठी गुपचूप परत जातात. ते त्याहून वाईट.

2005 हे साल यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईबरोबर पनवेल आणि अख्खा रायगड पाण्याखाली गेला. जेमतेम महिन्याने, 29 ऑगस्टला, अमेरिकेत कतरिना वादळ धडकलं. न्यू ऑर्लिन्समध्ये लोकांना बसमध्ये चढताना कुत्री-मांजरं खाली ठेवायला लावली गेली, आणि अनेकांनी चढायलाच नकार दिला. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला : राज्यांनी आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांची सोय धरलीच पाहिजे. त्यामागे माया होती तसा हिशेबही होता. माणूस निघावा असं वाटत असेल तर त्याच्या कुत्र्यालाही बोटीत जागा हवी.

आपलाही आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याच 2005 च्या डिसेंबरातला. त्यात आपत्तीची व्याख्या आहे : जीवितहानी, माणसांच्या यातना, मालमत्तेचं आणि पर्यावरणाचं नुकसान. जनावरांचा वेगळा उल्लेख व्याख्येत नाही. पुढे राष्ट्रीय आराखड्यात पशुधन आलं, पण सोफ्यावर झोपणारं मांजर पशुधनात बसत नाही. भरपाईत हा फरक स्पष्ट दिसतो. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांप्रमाणे दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 रुपये, ओढकामाचा बैल 32,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100. पंचनामा हवा, म्हणून मेलेलं जनावर पुरण्याआधी फोटो काढून तलाठ्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. कुत्र्या-मांजरांची ओळ या यादीत नाही.

“निवारा केंद्रात घेतच नाहीत”

मनाई करणारं कलम आपत्ती कायद्यात नाही. सक्ती करणारंही नाही. म्हणजे निर्णय त्या वेळी शाळेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा. त्याची अडचणही समजून घ्यावी : वर्गात चाळीस माणसं, त्यात तान्ही पोरं, कुणाला केसांची ॲलर्जी, कुणाला कुत्र्याची भीती. अशा दारात हातात लसीकरणाचं कार्ड असलेला, पट्टा घातलेला कुत्रा आणि नुसताच दोरीला धरलेला कुत्रा यात फार फरक पडतो. रेबीजची लस झालेली आहे हे कागदावर दिसलं की व्हरांड्याचा एखादा कोपरा मिळू शकतो. बंद पिशवीतल्या किंवा पिंजऱ्यातल्या मांजराला तर बहुधा कुणी हरकत घेत नाही. याहून चांगलं म्हणजे जूनच्या आधीच उंचावरचं एखादं नातेवाइकाचं घर ठरवून ठेवणं. “पूर आला तर आमचा टायगर दोन दिवस तुमच्याकडे” हे उन्हाळ्यात विचारलं की लोक हसून हो म्हणतात. मध्यरात्री भिजत विचारलं की दार अर्धंच उघडतं.

बोटीचंही तसंच. जवान कुत्र्याला घेत नाहीत ही तक्रार ऐकू येते, पण घाबरलेला मोकळा कुत्रा बोटीत उडी मारतो आणि बोट कलंडते. घाबरला की तो घरच्या माणसालाही चावतो. तेव्हा ओढणीच्या मऊ पट्टीने तोंड थोडा वेळ बांधावं, मात्र चपट्या नाकाच्या, धापा टाकणाऱ्या किंवा ओकणाऱ्या कुत्र्याचं नाही. चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा, आपलाच कुत्रा म्हणून सोडून द्यायचं नाही.

फोन कुणाला? जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077. पशुसंवर्धन विभागाचा 1962, फिरत्या दवाखान्यासाठी. ती सेवा मुळात गुराढोरांची.

“पाणी ओसरलं, सुटलो”

इथून दुसरी फेरी सुरू होते. पुराच्या पाण्यात उंदरांचं आणि गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टो होतो. 2005 च्या पुरानंतर मुंबईत त्याची साथच आली होती. तो कुत्र्याला होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून घरातल्यांनाही. दवाखान्यात जिला सेव्हन-इन-वन म्हणतात त्या लसीत लेप्टोचाही भाग असतो आणि ती दरवर्षी द्यावी लागते. पाण्यातून आलेल्या कुत्र्याला साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात.

ताप वाटला म्हणून आपली गोळी देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तिच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. आणि चिखल काढून आपण उत्साहाने फरशी फिनाईलने धुतो, मांजर त्यावरून चालतं आणि मग निवांत बसून पंजे चाटतं. फरशी वाळेपर्यंत, साध्या पाण्याचा एक हात मारेपर्यंत त्याला बाहेर ठेवावं. कोपरे, बूट, लाकडाचा ढीग आधी काठीने हलवावा. पुराने बिळातून निघालेली मण्यार किंवा घोणस तिथे असू शकते आणि तिच्याशी पहिली गाठ मांजराचीच पडते.

“मांजर आपलं आपण बघतं”

बघतं, म्हणजे लपतं. कपाटामागे, माळ्यावरच्या पेटीत, पत्र्याच्या आणि भिंतीच्या फटीत. शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून रेड अलर्ट ऐकला की पहिलं काम मांजराला एका खोलीत घेऊन दार लावणं. पिंजरा नसेल तर उशीचा अभ्रा घ्यावा. आमच्याकडे मी याची तालीम केली. पहिल्या खेपेला हातावर चार ओरखडे आले आणि मांजर फ्रिजमागे. मग अभ्रा उलटा करून हातात मोज्यासारखा घातला, मानेमागची सैल कातडी आणि मागचे पाय एकदम धरले आणि अभ्रा तिच्यावरून सरळ केला. अभ्र्याच्या तोंडाला गाठ. कापड सुती असलं की श्वास कोंडत नाही, अंधारात ती गपही बसते. पाण्यात मात्र अभ्रा डोक्याच्या वर धरायचा.

दाराच्या खुंटीला एक पिशवी टांगलेली आहे. अभ्रा, जास्तीचा पट्टा, लसीचं कार्ड प्लास्टिकात, दोन दिवसांचं खाणं, पाण्याची बाटली, आणि मांजर आणि मी एकत्र दिसतो असा छापील फोटो. हरवलं-सापडलं तर ती आपली आहे हे फोनमध्ये चार्जिंग नसतानाही दाखवता यावं. खेरीज सुकटीची एक पुडी. मांजर हरवलं तर संध्याकाळी, गल्ली शांत झाल्यावर, घराच्या आसपासच सुकट चुरून हाक मारायची. बहुतेक मांजरं फार लांब गेलेली नसतात. ही पुडी दर महिन्याला बदलावी लागते. शिळी होते म्हणून नव्हे, पिशवीत ती आहे हे मांजराला ठाऊक झालंय.