संमतीचे अपहरण

गयानाच्या अरण्यातील जोन्सटाउन येथे १८ नोव्हेंबर १९७८ रोजी पंथप्रमुख जिम जोन्सच्या आज्ञेने नऊशेंहून अधिक माणसे विषाने मेली. बालकांना तर ते पाजण्यातच आले. ही माणसे अडाणी होती असे मानणे सोयीचे असले, तरी खरे नाही. वर्णभेद नाकारणाऱ्या जोन्सच्या ‘पीपल्स टेंपल’ या पंथात ती समतेच्या ओढीने आली, पुढे मिळकती संस्थेच्या नावे झाल्या, पारपत्रे जप्त झाली, टपाल तपासले जाऊ लागले आणि ध्वनिक्षेपकावरून वेळीअवेळी एकच वाणी कानी आदळू लागली. विष म्हणून साधे पेय पाजून निष्ठेची रंगीत तालीमही झाली होती. प्रारंभीच प्राण मागितले असते, तर बहुतेकांनी पाठ फिरवली असती. परंतु पायरीपायरीने दिलेला प्रत्येक होकार पुढचा नकार अधिक महाग करीत गेला, हेच या वशीकरणाचे मर्म होय.