हरवलेली विमानं (भाग ११) : दाव्याची लांबी

गेल्या आठवड्यात शब्द दिला होता, की जुन्नरच्या विमान अपघाताची गोष्ट संपली, आता एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ विमान घेऊ. ते आज होणार नाही. लोहारा तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय आणि ते बाजूला सारून पुढं जाणं मला जमलं नाही.

गुरुजींनी सुरुवात केलीय आपल्याकडच्या ‘गूढ आवाजा’पासून. धाराशिव-लातूरच्या वाचकाला तो समजावून सांगायला नको. भर दुपारी धडाम होतं, पत्रे थरथरतात, मांडणीवरची भांडी वाजतात. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं आधी पोरांना घेऊन अंगणात येतात, मग काय झालं ते विचारतात. भूकंपमापकावर नोंद नसली की खुलासा येतो : आवाजापेक्षा जास्त वेगानं विमान गेलं असावं. गुरुजी विचारतात, ‘विमान गेलं, तर दिसलं कसं नाही?’

गुरुजी, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून असं विमान गेलं, तर ते डोक्यावरून सरकल्यावर वीस-पंचवीस सेकंदांनी धमाका खाली पोचतो. तोवर विमान आणखी दहा-बारा किलोमीटर पुढं निघून गेलेलं असतं. आपण वर बघतो तेव्हा आभाळ रिकामं. हा उशीर लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कारण पत्रातला खरा प्रश्न दुसराच आहे. ८ मार्च २०१४ला क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच ३७०, आत २३९ माणसं. गुरुजींच्या पारावर अजूनही ठाम मत आहे, की अमेरिकेनं ते आपला लष्करी तळ असलेल्या दिएगो गार्सिया बेटावर उतरवून दडवलं. वर ते मलाच धरतात : ‘विमान किती लांब होतं हे उपग्रहाला कळत होतं म्हणता, मग कुठं होतं ते कसं कळलं नाही?’

लहानपणी वीज चमकली की आम्ही ओसरीवर आकडे मोजायचो. एक, दोन, तीन... सहाला गडगडलं, तर वीज दोन किलोमीटरवर. पण डोळे मिटून बसलेल्या आणि ‘चमकली!’ एवढंच ऐकलेल्या पोराला ती तुळजापूरकडं पडली की औशाकडं, हे कुठलं कळणार? उशीर अंतर सांगतो, दिशा सांगत नाही.

एमएच ३७०चं नेमकं हेच झालं. अंदमान समुद्रावर ते लष्करी रडारवरून नाहीसं झालं, तरी हिंदी महासागरावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असलेल्या इनमारसॅटच्या उपग्रहाशी त्याचं यंत्र बोलत राहिलं. बोलणं म्हणजे बहुतेक वेळा एवढंच : बराच वेळ काही निरोप आला नाही की जमिनीवरचं केंद्र उपग्रहामार्फत विचारणार, ‘आहेस का?’ यंत्र म्हणणार, ‘आहे.’ शेवटची देवाणघेवाण मलेशियाच्या वेळेनुसार सकाळी ८:१९ची. उत्तर यायला किती उशीर लागला, त्यावरून उपग्रहापासूनचं अंतर निघालं.

आता खळं आठवा. मधे तिवडा, त्याला दाव्यानं बांधलेला बैल. दाव्याची लांबी आपल्याला ठाऊक, पण अमावास्येच्या रात्री बैल त्या रिंगणावर नेमका कुठं उभा आहे? उपग्रहाच्या बरोबर खालचा समुद्रातला बिंदू म्हणजे आपला तिवडा. विमानाच्या शेवटच्या उत्तराचं रिंगण त्याच्यापासून जवळपास पाच हजार किलोमीटरवर पडतं. दिएगो गार्सिया त्याच तिवड्यापासून हजार-बाराशे किलोमीटरवर आहे. म्हणजे दाव्याच्या पार आत. विमान तिथं असतं तर उत्तर लवकर आलं असतं. पारावरचा तर्क अमेरिकेच्या खुलाशानं नव्हे, साध्या गणितानं पडतो.

उरलं रिंगण. विमानाचा वेग आणि इंधन धरून त्याच्या दोन कमानी उरल्या. उत्तरेची कझाकस्तानकडं जाणारी, दक्षिणेची निव्वळ समुद्रावरून. १५ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी दोन्ही जाहीर केल्या आणि जगभरच्या तर्कांनी झेप घेतली ती उत्तरेच्या कमानीवर. अपहरण, गुप्त धावपट्टी, काय काय. मला त्या लोकांना हसावंसं वाटत नाही. उत्तरेची कमान जमिनीवरून जाते, आणि जमिनीवर उतरलेला माणूस जिवंत असू शकतो.

दक्षिण ठरली ती वेगळ्या हिशेबानं. एसटी जवळ येताना हॉर्न चढा लागतो, लांब जाताना उतरतो. रेडिओलहरींचंही तसंच. लहरींतला तो बारीक फरक दक्षिणेच्या वाटेशी जुळला आणि २४ मार्चला विमान दक्षिण हिंदी महासागरात संपल्याचं जाहीर झालं. पुढं जुलै २०१५मध्ये रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला पंखाचा तुकडा लागला, तो याच विमानाचा निघाला. समुद्रतळावरचा १,२०,००० चौरस किलोमीटर भाग धुंडाळून २०१७मध्ये तो शोध थांबवला, तरी सांगाडा हाती आला नव्हता. मलेशियाच्या चौकशी पथकानं २०१८मध्ये लिहून दिलं, की विमान का नाहीसं झालं ते ठरवता येत नाही. उशिरातून ‘किती लांब’ निघतं, ‘का’ निघत नाही. त्या ‘का’वर पार अजून भरतोय.

पत्र वाचताना जुन्नरच्या अपघातानं पुन्हा डोकं वर काढलं. १९६२च्या त्या अलितालियाच्या वैमानिकाचं काय चुकलं होतं? मुंबईची दिशा त्याला सापडली होती. अंतर चुकलं. मुंबई जवळ आली असं धरून त्यानं अंधारात विमान लवकर खाली घेतलं आणि मधे डोंगर आला. ९४ माणसं गेली. त्याला दिशा होती, दाव्याची लांबी नव्हती. एमएच ३७०च्या शोधकांकडं लांबी होती, दिशा नव्हती.

आणि ‘सम्राट अशोक’? १ जानेवारी १९७८, सांताक्रूझहून उड्डाण, दुबईची वाट. मुंबई नुकतीच मागं पडली होती, म्हणजे अंतरही ठाऊक, दिशाही ठाऊक. तरी दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या समुद्रात २१३ माणसं गेली. तिथं कप्तानाला कळेना झालं ते तिसरंच : विमान डावीकडं कललंय की उजवीकडं. घातपाताच्या वावड्यांसकट ते पुढच्या आठवड्यात. गुरुजी, तोवर पत्र नको!